कुंकवाखालचा गंज

निश्चळमहाराज बोरवंडला कुठून आले आणि कधी आले, हे गावात कोणालाच धड सांगता येत नसे. एवढे मात्र सगळे सांगत, की एका उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या महादेवाच्या ओसरीवर एक उंच, सडसडीत साधू येऊन बसला आणि मग उठलाच नाही. पावसाळा गेला, थंडी गेली, ओसरीवरची सावली रोज इकडून तिकडे फिरत राहिली. महाराज होते तिथेच होते. त्यांची ती स्थिर बैठक पाहून लोकांनीच त्यांना निश्चळमहाराज म्हणायला सुरुवात केली. कोणी भाकरी आणली तर खात, नाही आणली तर कोणाला आठवणही करून देत नसत. बोलणे मोजके, पण चेष्टेखोर. रडत आलेला माणूस पुष्कळदा हसत परत जाई.

भाविकहो, त्यांच्या लीला पुष्कळ आहेत. पण आज जी सांगतो आहे ती ऐकताना तुमचा हात एकदा तरी स्वतःच्या गळ्याशी जाईल. माझा तर सांगतानाही जातो.

बोरवंडात त्या वेळी उदाजीराव देशमुखांचा शब्द चाले. माणूस दुष्ट होता असे मी म्हणणार नाही; दुष्काळात त्यांनी आपली कोठारे उघडली होती. पण मान खाली करायची नाही, हा त्यांचा हट्ट. देवळात गेले तरी उभ्यानेच हात जोडत. त्यांच्या घरी हजामतीची तऱ्हासुद्धा जगावेगळी होती. गावोगावचे राजे-रंक न्हाव्यापुढे मान वाकवून बसतात. हे मात्र उंच चौरंगावर ताठ बसत आणि मानेवरचे केस काढायला न्हाव्याने मागे जमिनीवर गुडघे टेकून, खालून वर बघत वस्तरा चालवावा, अशी त्या घराची रीत झाली होती. महाराजांविषयी बोलताना ते म्हणत, “बसून बसून संत होता येत असतं, तर आमची म्हैस कधीच समाधीला बसली असती.” भोवतालची चार माणसे हसत. देशमुख हसले की हसावे लागे.

महाराजांपाशी रोज पहाटे एक माणूस झाडलोट करायला येई. त्याचे नाव सटवा. जातीने न्हावी, वय तिशीचे, पण वस्तऱ्याला त्याने कधी हात लावला नव्हता. लहानपणी मोठा ताप आला, त्यातून वाचला, पण उजवा हात थरथरू लागला तो कायमचा. म्हणून गावाच्या हजामती थोरला भाऊ गोंदाजी करी आणि सटवा अंग रगडणे, लग्नाची बोलावणी करणे, वरातीपुढे मशाल धरणे अशी कामे पाही. थरथरत्या हाताच्या माणसाला मुलगी कोण देणार? लग्नही राहिलेच. त्याचे त्याला फारसे दुःख नव्हते. महाराजांची ओसरी झाडायला मिळते आहे ना, मग झाले, असा त्याचा स्वभाव.

आणि आषाढात चार दिवसांच्या तापाने गोंदाजी गेला. घरात उरली म्हातारी आई, विधवा भावजय सगुणा, तिच्या दोन मुली आणि सटवा. गावाच्या सुगीतून न्हाव्याच्या घरी बलुते म्हणून जे धान्य येई त्यावर हे घर जगत होते, आणि ते धान्य वस्तरा धरणाऱ्या हाताला मिळे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सटवा भावाची धोपटी, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांची ती चामडी पिशवी, काखेत मारून देशमुखांपुढे उभा राहिला.

“सरकार, दादाच्या जागी आता मी.”

उदाजीरावांनी त्याच्या हाताकडे पाहिले. हात थरथरतच होता. त्या दिवशी जरा जास्तच.

“ह्या हातानं ताक घुसळ, सटव्या. रवीसुद्धा लागायची न्हाई.” माणसे हसली. “वस्तरा तुझ्या हाती दिला तर गावात नाकं किती उरतील, सांग बरं!”

“शिकंन मी, सरकार.”

“कुणाकडं? त्या बसल्या बुवाकडं?” देशमुखांना आपलाच विनोद आवडला. “बरं, शीक. दसऱ्याला शिलंगणाआधी माझी हजामत गावच्या न्हाव्यानं करायची, ही आमच्या घरची पिढ्यांची चाल. त्या दिवशी तू कर. रक्ताचा एक थेंब दिसला, तर धोपटी चावडीवर ठेवायची आणि बिऱ्हाड उचलायचं. बाभुळखेड्याच्या न्हाव्याला मी बोलावूनच ठेवतो.”

सटवा तिथून जो निघाला तो थेट ओसरीवर. महाराजांच्या पायांवर डोके ठेवून लहान मुलासारखा रडला. महाराजांनी त्याला पोटभर रडू दिले. मग म्हणाले, “देवळामागं कोहळ्याचा वेल आहे. कोवळा कोहळा बघ, अंगावर लव असलेला. त्याची हजामत कर.”

“कोहळ्याची?”

“अरे, तो तरी तुला नावं ठेवणार नाही.”

कोवळ्या कोहळ्याच्या अंगावर बारीक, टोचरी लव असते हे घरातल्या बायकांना ठाऊक आहे. ती लव काढायची आणि सालीला ओरखडा उठू द्यायचा नाही, हा महाराजांचा पहिला धडा. सटवाने वस्तरा टेकवला, हात थरथरला आणि हिरव्या सालीवर पाण्याचे थेंब फुटले.

“रडला बघ तुझा कोहळा,” महाराज म्हणाले. “टांगून ठेव त्याला ओसरीला. तिसऱ्या दिवशी कुजतो की राहतो, बघू.”

कुजला. पुढचाही कुजला. श्रावणभर महाराजांच्या ओसरीला कुजके कोहळे लटकत होते आणि गावातली टवाळ माणसे मुद्दाम तिकडून वाट वाकडी करून जात. देशमुखांनी तर निरोप पाठवला, “सटव्याच्या गिऱ्हाइकांना आमचा रामराम सांगा.” सटवा खाली मान घालून पुढचा कोहळा शोधी.

वस्तरा राखायचा कसा, हे मात्र त्याला भावजयीने शिकवले. सगुणेने पंधरा वर्षे नवऱ्याला ते करताना पाहिले होते. दाराआड बसून ती सांगे, “भावजी, निसण्यावर पाणी टाका आदी. आता पातं आडवं निजवा. पाठ बी दगडाला टेकली पायजे आन् धार बी. पाठ उचलली की धार मोडती, असं त्ये म्हणायचे.” धार लावायचा तो दगड, निसणा, मधोमध जरासा खोलगट झाला होता. गोंदाजीच्या हाताची ती खूण. मग चामड्याचा पट्टा खुंटीला अडकवून त्यावर वस्तरा पाजवायचा, तो पाठ पुढे करून. धार पुढे केली तर पट्टाच कापला जातो. शेवटी डोक्यातला एक केस उपटून धारेवर धरायचा. न ओढता तुटला तर धार लागली. “आन् काम झालं की पुसून कोरडा करायचा, करडीच्या तेलाचं बोट फिरवायचं, मगच मुठीत मिटवायचा. वलं लोखंड झोपू देत न्हाई, म्हणायचे.” एवढे बोलून सगुणा उठून आत जाई.

भाद्रपदात एक कोहळा तीन दिवस टिकला. मग आठ दिवस टिकला. सटवा तो उराशी धरून महाराजांपुढे आला. महाराज म्हणाले, “छान. आता माझी कर.”

सटवा मागे सरला. “महाराज, न्हाई! तुमच्या अंगावर वस्तरा? थेंब आला तर मी कुठल्या जल्मात फेडू?”

“कोहळा रडला तेव्हा मेला नाही ना? मीही मरणार नाही. कढत पाण्यानं दाढी चांगली भिजव, घाई करू नकोस. डाव्या हातानं कातडी ताण. केस जिकडे झुकतो तिकडेच वस्तरा जाऊ दे.”

सटवाने केली. महाराज डोळे मिटून दगडासारखे स्थिर बसले होते. दोन ठिकाणी रक्त आले. सटवाने तुरटी लावताना हुंदका दिला तसे महाराजांनी डोळे उघडले आणि त्याचा तो थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“ऐक सटवा. इथून पुढं कोणाच्याही अंगावर वस्तरा ठेवलास, तरी ते अंग माझंच आहे असं समज. कुंभार असो, तेली असो, नाहीतर देशमुख. खाली मीच बसलो आहे. मग भिशील कोणाला?”

सटवाला वाटले, धीर देण्यासाठी महाराज असे बोलत आहेत. आपल्यालाही तसेच वाटले असते.

पण त्या शब्दाने त्याचा हात सावरत गेला हे खरे. थरथर पुरती गेली नाही. मात्र गालावर वस्तरा टेकला की समोर महाराजांचा चेहरा दिसे, आणि हात जपून चाले. कुंभाराची केली, तेल्याची केली, गुरवाची केली. नवरात्राआधी तर अर्ध्या गावाची डोकी त्याच्या हाताखालून गेली. कोणी ओरडले नाही. बायका पाणवठ्यावर म्हणू लागल्या, की सटवाच्या हाताला गुण आला. ही बातमी देशमुखांच्या कानावर गेली तेव्हा ते म्हणाले, “माझा गाल काही कोहळा न्हाई.”

घट बसले. नवरात्रात गावात कोणी हजामत करत नसे, तेव्हा वस्तरा धोपटीतच राहिला. आणि नवमीला सटवाच्या हातून चूक झाली.

खंडेनवमीला आपण आपापल्या हत्याराची पूजा करतो. शेतकरी नांगर पूजतो, सुतार करवत पूजतो. सटवाची ही आयुष्यातली पहिली खंडेनवमी, पहिल्यांदा त्याच्याकडे पूजायला स्वतःचे हत्यार होते! त्याला किती करू आणि काय करू असे झाले. त्याने वस्तरा धुतला. पाटावर लाल फडके घातले, त्यावर पाते पूर्ण उघडून ठेवले. पुसलेले तेल पुन्हा लावले नाही. देवाला तेलकट कसे दाखवायचे? ओल्या हळदीची बोटे ओढली, भिजवलेले कुंकू धारेवर भरभरून लावले, वर पाण्याने निथळणारी झेंडूची फुले ठेवली आणि डोके टेकले. पूजेतले हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचे नसते. तेही त्याने पाळले.

गोंदाजी वस्तरा मिटवून, तेल लावून पूजी, कुंकू फक्त मुठीला लावी. हे सगुणेला ठाऊक होते. पण विधवेने हळदी-कुंकवाच्या पूजेशी यायचे नाही अशी त्या काळची चाल, म्हणून ती माउली दिवसभर चुलीपाशी बसून राहिली. जिला सगळे माहीत होते तिलाच पाटाजवळ येता येईना! आपल्या असल्या रीतींचा मला राग येतो, तो इथे सांगून टाकतो आणि पुढे जातो.

दसऱ्याची सकाळ उजाडली. सटवाने अंघोळ केली, फुले उतरवली आणि ओल्या फडक्याने कुंकू पुसले. हळद गेली, कुंकू गेले. पण लाल जाईना. त्याने पुन्हा पुसले, उजेडाकडे धरले. धारेच्या काठाने बारीक लाल ठिपक्यांची रांग होती. रात्रभर ओल्या कुंकवाखाली पाते गंजले होते. नखावर धार ओढून पाहिली तर ती जागोजाग अडखळत होती.

“वहिनी!”

सगुणा धावत आली. वस्तरा पाहताच तिने कपाळावर हात मारून घेतला. “उघडा ठिवला व्हता? वल्या कुंकवात?”

“पूजा केली, वहिनी.”

मग तिने निसणा पुढे सरकवला. “निसण्यावर घ्या. दोन घटका तरी लागतील, पर घ्या.”

सटवाने दगडावर पाणी टाकले आणि तेवढ्यात दारात देशमुखांचा गडी उभा राहिला. “चल सटवा, सरकार चौरंगावर बसलेत. मुहूर्त टळायला नको.” सटवा म्हणाला, “जरा थांब, बाबा.” गडी म्हणाला, “मी थांबंन. ते थांबतील का?” घाईघाईने पट्ट्यावर चार हात मारले, पण खड्डे पडलेली धार पट्ट्याने कशी भरून यावी? सटवाने वस्तरा, निसणा, पट्टा धोपटीत टाकले, ओढ्याच्या दिशेने हात जोडले आणि निघाला. मागोमाग सगुणा दोन्ही मुलींना घेऊन निघाली. निकाल घरात बसून ऐकायची तिची तयारी नव्हती.

देशमुखांच्या अंगणात निम्मे गाव जमले होते. मधोमध चौरंगावर उदाजीराव, नऊ दिवसांची राठ दाढी वाढलेली, मान ताठ. एका बाजूला बाभुळखेड्याचा न्हावी आपली धोपटी सोडूनच बसला होता.

“ये, सटव्या. सगळ्यांनी नीट बघा रे,” देशमुख म्हणाले. “एक थेंब!”

सटवाच्या मनात आले, पाय धरावे आणि सांगून टाकावे, की सरकार, वस्तरा गंजला, दोन घटका द्या. त्याने तोंडही उघडले. “सरकार, एक अरज व्हता. वस्तऱ्याला...”

“वस्तऱ्याला काय? ताप आलाय?” अंगण हसले. “हातात बळ नसंल तर धोपटी ठेव आन् जा. मुकाट्यानं.”

सटवाने सगुणेकडे पाहिले. दोन्ही पोरी तिच्या लुगड्याला बिलगल्या होत्या. त्याने मान खाली घालून कढत पाणी घेतले आणि दाढी भिजवायला लागला. जितका वेळ काढता येईल तितका काढला. साबण लावला, पुन्हा भिजवली. शेवटी वस्तरा उघडावाच लागला. “महाराज, खाली तुम्हीच बसलाय,” तो पुटपुटला आणि डावा गाल ताणून त्याने पाते टेकवले.

खर्र असा आवाज आला. चांगल्या धारेचा आवाज असा नसतो. पाते केसांत अडले, निसटले, आणि कातडीत रुतल्याचे त्याच्या बोटांना स्वच्छ कळले. त्याने डोळे गच्च मिटले. आता ओरडा होणार! पण कोणीच ओरडले नाही. त्याने डोळे उघडले तर साबणाखालून कोरा, स्वच्छ गाल निघाला होता. पाते पाण्यात बुडवून त्याने दुसरा हात मारला. पुन्हा खर्र, पुन्हा तो रुतल्याचा भास. गाल कोराच. उजव्या गालावरही तेच झाले. बाभुळखेड्याचा न्हावी मात्र आवाज ऐकून ताठ बसला. धार गेल्याचे त्याला कळले होते, आणि रक्त कसे येत नाही हे कळत नव्हते.

उदाजीराव अस्वस्थ झाले. त्यांनाही गालाला काहीतरी थंडगार, खोल लागत होते, पण दुखत काहीच नव्हते. आपली बेफिकिरी दाखवावी म्हणून त्यांनी कमरेची डबी काढली आणि चिमूटभर तपकीर नाकात ओढली.

“सरकार, आता नगा,” सटवा काकुळतीला येऊन म्हणाला. “गळा ऱ्हायलाय.”

“तू तुझं काम कर.”

त्यांनी हनुवटी वर केली. गळ्याची घाटी पुढे आली. सटवाने डाव्या हाताने कातडी ताणली आणि पाते घाटीच्या जरा खाली टेकवले. त्याच क्षणी देशमुखांच्या नाकपुड्या फुलल्या. सटवाने पाहिले आणि हात मागे घ्यायला गेला, पण शिंक त्याच्या हाताआधी पोचली. उदाजीरावांचे डोके खाड्कन पुढे आले आणि गळा उघड्या पात्यावर आदळला.

बायका किंचाळल्या. पाते आत गेले. कितीतरी आत गेले, सटवाच्या मनगटाला ते समजले. वस्तरा त्याच्या हातून सुटून पाण्याच्या वाटीत पडला.

उदाजीरावांनी दोन्ही हातांनी गळा धरला होता. चेहरा पांढराफटक. हळूहळू त्यांनी हात काढले, तळवे बघितले. साबण होता. नुसता पांढरा साबण. कोणीतरी आरसा पुढे केला. गळ्यावर ओरखडाही नव्हता.

“पाणी बघा,” सगुणा म्हणाली.

सगळ्यांनी वाटीकडे पाहिले. वाटीतले पाणी लालभडक झाले होते.

“माझं रक्त न्हाई,” उदाजीराव खोल आवाजात म्हणाले. “मग हे कुणाचं?”

आणि सटवाला आठवले. कोणाच्याही अंगावर वस्तरा ठेवलास तरी ते अंग माझेच समज. तो शब्द धीर द्यायचा नव्हता, तो खरा होता! “महाराज!” असा टाहो फोडून त्याने वाटीतला वस्तरा उचलला, धोपटी कवटाळली आणि धावत सुटला. तेव्हा त्याला बलुते आठवत नव्हते की बिऱ्हाड. आपण महाराजांचा गळा कापला, एवढेच त्याच्या डोक्यात होते. सगळे गाव त्याच्यामागे पळाले. आणि लोकांनी जन्मात कधी पाहिले नव्हते असे पाहिले. अर्ध्या दाढीचे, डोक्याला फेटा नाही, पायात वहाण नाही, असे उदाजीराव देशमुख सगळ्यांच्या पुढे धावत होते.

देवळाशी गुरवाची म्हातारी ठकूबाई ओसरीच्या पायरीवर बसून रडत होती. “काय झालं कुणास ठावं!” ती म्हणाली. “बसल्या जागी गालाला चरा पडला. मग आणिक एक. माणूस न्हाई, हत्यार न्हाई. मी म्हनलं, महाराज, रगत! तर हासले. आन् मग एकदम गळाच उघडला वं, माय!”

सटवा पायरीवरच थबकला. वर पाहायचे त्याला धैर्य होईना.

“सटवा,” आतून आवाज आला. “तुरटी आणली आहेस का?”

महाराज होते तिथेच होते. दोन्ही गालांवर बारीक चरे, छातीवरचे वस्त्र भिजलेले, आणि गळ्याच्या घाटीखाली बोटभर लांब जखम, जिच्याकडे पाहवत नव्हते. पण बैठक तशीच होती. डोळे हसत होते.

“बघतोस काय? ये, लाव.”

सटवा रांगतच गेला. त्याने तुरटीचा खडा भिजवून जखमेवर धरला आणि रक्त थांबले. तुरटीने एवढी जखम थांबत नसते, हे सटवाइतके कोणाला ठाऊक असणार? तो रडत होता, पण खडा धरलेला त्याचा हात मात्र कणभरही हलत नव्हता. हे पहिल्यांदा सगुणेच्या लक्षात आले आणि तिने तोंडाला पदर लावला.

“कालची पूजा पोचली बरं का,” महाराज त्याला म्हणाले. “पण हत्याराची पूजा कोरडी करावी. कुंकू मुठीला, तेल पात्याला. तुझ्या भावजयीला विचारायचं होतंस. पुढच्या वर्षी तिला पाटाशी बसव, मी सांगितलं म्हणून सांग.” मग त्यांनी नजर उचलली. “या देशमुख. शिंक मोठी होती तुमची.”

उदाजीराव ओसरीखाली उभे होते.

“मला कळलं होतं, महाराज,” ते म्हणाले. “वस्तरा आत गेलेला मला कळला होता. मेलो म्हणून मी गळा धरला. शिंक माझी, तपकीर माझी, हट्ट माझा. हा बिचारा सांगू बघत व्हता, तर मी त्याला बोलू दिलं न्हाई. आन् गळा तुमचा कापला गेला? कशापायी? मी तुम्हाला म्हैस म्हणत होतो!”

“म्हैस मला आवडते,” महाराज म्हणाले. “पण मी तुमच्यासाठी काही केलं नाही. मी सटवाला शब्द दिला होता. तुम्ही त्याच्या वस्तऱ्याखाली बसलात, म्हणून वाचलात.”

देशमुखांची मान अजून ताठ होती. पण आता ती गर्वाने नव्हे, वाकायची सवयच नसल्याने.

“हजामत अर्धीच राहिली आहे तुमची,” महाराज म्हणाले. “शिलंगणाला असे जाणार? बसा इथं. सटवा, आधी धार लाव. सावकाश लाव. मुहूर्त थांबेल.”

सटवाने धोपटीतून निसणा काढला, पायरीवर ठेवला, पाणी टाकले. पाते आडवे निजवले, पाठ टेकवली, धार टेकवली. दोन घटका तो घासत होता, आणि बोरवंडचे देशमुख पायरीवर बसून न बोलता त्याची वाट पाहत होते. आपट्याच्या पानांचे भारे घेऊन आलेली माणसेही खाली बसली. गंज निघून गेला. सटवाने वस्तरा पट्ट्यावर पाजवला, डोक्यातला एक केस उपटून धारेवर धरला, तो न ओढताच तुटला. मग त्याने गळा केला, हनुवटी केली. वस्तऱ्याचा आवाजही येत नव्हता.

मानेवरचे केस राहिले. रीतीप्रमाणे सटवा देशमुखांच्या मागे गेला आणि गुडघे टेकायला वाकला.

“थांब, सटवाजी,” उदाजीराव म्हणाले.

ते उठले, ओसरीवर चढले, महाराजांपुढे बसले आणि त्यांनी मान वाकवली. वाकवत वाकवत कपाळ महाराजांच्या पायांवर टेकवले. त्यांच्या पाठीचा हुंदका लोकांना दिसला. “आता कर,” ते तिथूनच म्हणाले.

सटवा त्यांच्या बाजूला उभा राहिला आणि ओणवून त्या वाकलेल्या मानेवरचे केस त्याने एकेक हात मारत उतरवले. थेंब आला नाही. तरी त्याच्या जिवाला चैन पडेना. वस्तरा पुसून, तेलाचे बोट फिरवून, मिटवून झाल्यावर तो हळूच महाराजांच्या पाठीमागे गेला आणि त्यांची मान निरखून पाहू लागला. मान कोरडी होती. कुठे चरा नव्हता, रक्त नव्हते. महाराज मागे न वळता हसले, आणि देशमुखांचे डोके अजून त्यांच्या पायांवरच होते.